नहालाल

इझ्राएलच्या उत्तर भागातील एक सहकारी कृषिग्राम. हे इज्रेल खोऱ्याच्या पश्चिम भागात, नाझरेथच्या पश्चिमेस सु. १० किमी. व हैफाच्या आग्नेयीस सु. २२ किमी. अंतरावर वसले आहे. ११ सप्टेंबर १९२१ रोजी स्थापन झालेले हे गाव ‘मोशाव ओव्दिम’ या प्रकारच्या सहकारी खेड्यांपैकी पहिले मानले जाते. गावाचा विस्तार लहान असला, तरी तीन कारणांनी त्याला महत्त्व आहे : खाजगी शेती व सामुदायिक शेती यांच्यामधला एक मार्ग येथे प्रथम आखला गेला, त्याची वर्तुळाकार रचना ग्रामरचनेच्या इतिहासात आदर्श म्हणून नोंदली गेली, आणि त्याच्या नावात पॅलेस्टाइनच्या भूमीवरील दोन लोकसमूहांच्या स्मृती एकत्र गुंतलेल्या आहेत.

‘मोशाव’ ही संज्ञा : हिब्रू भाषेतील ‘बसणे, राहणे, वस्ती करणे’ या अर्थाच्या धातूपासून ‘मोशाव’ हा शब्द बनला आहे. मराठीतील ‘वसणे’ या क्रियापदापासून ‘वस्ती’ व ‘वसाहत’ ही नामे ज्याप्रमाणे आली, तसाच हा प्रकार होय. त्याच धातूपासून बनलेला ‘मोशावा’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या खाजगी मालकीच्या शेतकरी वसाहतींना लावला जाई. पेताह तिक्वा (१८७८) व रिशोन लेझियोन (१८८२) या अशा वसाहती होत. तेथे जमिनीचा मालक वेगळा व राबणारा मजूर वेगळा असे. ‘ओव्दिम’ म्हणजे कामकरी. यामुळे ‘मोशाव ओव्दिम’ याचा सरळ अर्थ ‘कामकऱ्यांची वस्ती’ असा होतो. मालक आणि मजूर हा भेद येथे असणार नाही, असे या नावातूनच सूचित करण्यात आले होते.

पार्श्वभूमी : १९०४ ते १९१४ या काळात पूर्व यूरोपातून पॅलेस्टाइनमध्ये आलेल्या ज्यू तरुणांपैकी अनेकांना जुन्या वसाहतींतील मजुरीची पद्धत मान्य नव्हती. त्यांच्यापैकी काहींनी गॅलिली सरोवराच्या दक्षिण टोकाशी १९१० मध्ये देगानिया ही सामुदायिक वस्ती स्थापन केली. किबुत्स या प्रकाराचा प्रारंभ तेथे झाला. किबुत्समध्ये जमीन, अवजारे, भोजनगृह, उत्पन्न आणि बऱ्याच अंशी मुलांचे संगोपनही सामुदायिक असे. ही व्यवस्था सर्वांनाच मानवली नाही. कुटुंबाचे घर, स्वतःचा गोठा आणि स्वतःच्या शेताविषयीचे निर्णय आपल्या हाती असावेत, असे अनेकांना वाटे. परंतु जुन्या वसाहतींतील खाजगी मालकीकडे परतण्याची त्यांची इच्छा नव्हती.

या दोहोंमधील मार्गाची पद्धतशीर मांडणी एलीएझर याफे (१८८२–१९४२) यांनी केली. अमेरिकेत शेतीचे शिक्षण घेऊन १९१० मध्ये पॅलेस्टाइनला आलेल्या याफे यांनी १९१९ मध्ये कामकरी मोशावांच्या स्थापनेविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत प्रतिपादिलेली तत्त्वे पुढे मोशाव चळवळीची मूलतत्त्वे ठरली. (१) जमीन राष्ट्रीय मालकीची असावी व ती शेतकऱ्यास दीर्घ मुदतीच्या खंडाने मिळावी. (२) शेतकऱ्याने व त्याच्या कुटुंबाने स्वतःच्या श्रमाने शेती करावी, मजूर ठेवू नये. (३) आजार, मृत्यू वा नापिकी यांसारख्या प्रसंगी गावाने परस्पर साहाय्य करावे. (४) बी-बियाणे, खाद्य व अवजारे यांची खरेदी आणि शेतमालाची विक्री गावाने एकत्रितपणे करावी. उत्पादन कुटुंबाचे, परंतु बाजाराशी व्यवहार गावाचा, असे या योजनेचे थोडक्यात वर्णन करता येईल.

स्थापना : १९०१ मध्ये स्थापन झालेला ज्यूइश नॅशनल फंड हा ज्यूंच्या वसाहतींसाठी जमीन खरेदी करून ती सामाईक मालकीत ठेवी. खोऱ्यातील विस्तीर्ण जमिनी त्या वेळी बैरूतच्या सुरसुक या धनाढ्य व्यापारी कुटुंबाच्या मालकीच्या होत्या. ऑटोमन राजवटीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी त्या मिळविल्या होत्या. जमीनखरेदीच्या वाटाघाटी करण्यात यहोशुआ हांकिन (१८६४–१९४५) यांचा पुढाकार होता. १९२०–२१ च्या सुमारास झालेल्या मोठ्या व्यवहारांत मालूल या अरब गावाच्या परिसरातील जमिनीचा अंतर्भाव होता. नहालाल याच जमिनीवर उभे राहिले.

पहिल्या रहिवाशांमध्ये देगानियातून बाहेर पडलेले काही जण होते. मोशाव चळवळीचे पुढारी शमुएल दायान (१८९१–१९६८) हे त्यांपैकीच एक होत. याफे हेही येथेच स्थायिक झाले. निवडलेली जमीन सखल व दलदलीची होती आणि हिवतापासाठी कुप्रसिद्ध होती. म्हणून प्रथम जवळच्या टेकडीवर तंबू ठोकण्यात आले. चर खणून व नळ घालून दलदलीचे पाणी काढून देण्यात आले आणि त्यानंतरच खालच्या उंचवट्यावर कायमची वस्ती करता आली. आरंभीच्या काळात क्विनीन हे औषध कुटुंबाच्या नित्याच्या गरजांपैकी एक होते. एकूण ८० कुटुंबांसाठी जमिनीची वाटणी करण्यात येऊन प्रत्येकास सु. १०० दुनम म्हणजे सु. १० हेक्टर क्षेत्र देण्यात आले. नहालालपाठोपाठ डिसेंबर १९२१ मध्ये खोऱ्याच्या पूर्व भागात कफार येहेझ्केल हा दुसरा मोशाव स्थापन झाला.

ग्रामरचना : नहालालचा आराखडा जर्मनीत जन्मलेले वास्तुकार रिखार्ट काउफमान (१८८७–१९५८) यांनी तयार केला. इंग्लंडमधील एबनीझर हॉवर्ड यांच्या उद्याननगरीच्या कल्पनेचा त्यावर प्रभाव आहे. गावाचा आकार लंबवर्तुळाकार असून मध्यभागी शाळा, सभागृह, दूध संकलन केंद्र, कोठार इ. सामाईक इमारती आहेत. त्यांच्याभोवतीच्या आतील कड्यात शिक्षक, कारागीर व अन्य सेवा करणारे यांची घरे आहेत. बाहेरील कड्यावर शेतकऱ्यांची घरे एका ओळीत उभी असून प्रत्येक घरामागे गोठा, कोंबड्यांचे खुराडे, परसबाग व त्यांपुढे पाचरीच्या आकाराची शेते परिघाकडे रुंद होत गेलेली दिसतात. विमानातून पाहिले असता हे गाव आऱ्या असलेल्या चाकासारखे दिसते.

ही रचना केवळ शोभेची नाही. प्रत्येक घरापासून गावाच्या मध्याचे अंतर जवळपास सारखे राहते आणि कोणाचेही शेत दुसऱ्याच्या शेताच्या पलीकडे पडत नाही. समान हक्काचे तत्त्व या रचनेत भूमितीच्या साहाय्याने साकार करण्यात आले आहे. तथापि वर्तुळाला एक मर्यादाही असते : ते एकदा पूर्ण झाले, की त्यात नव्या घरांना जागा उरत नाही. ही अडचण पुढील पिढ्यांना जाणवली. नंतरच्या मोशावांपैकी बहुतेकांनी हा आकार जसाच्या तसा न स्वीकारता लांबट वा मोकळी मांडणी पसंत केली.

सहकाराची कार्यपद्धती : मोशावमध्ये ग्रामपंचायत व सहकारी संस्था या दोन वेगळ्या संस्था नसत; एकच संस्था दोन्ही कामे करी. सर्व सभासदांची सर्वसाधारण सभा कार्यकारी समिती निवडून देई व हिशेबतपासणीसाठी वेगळी समिती नेमली जाई. शेतकरी आपले दूध, अंडी व भाजीपाला गावाच्या केंद्रावर देई आणि त्याची किंमत त्याच्या खाती जमा होई. पशुखाद्य, बियाणे वा घरखर्चासाठी घेतलेल्या वस्तूंची रक्कम त्याच खात्यातून वजा होई. बँकेकडून कर्ज गावाच्या नावे काढले जाई व त्याची हमी सर्व सभासद मिळून देत. यामुळे एकेकट्या लहान शेतकऱ्यास न मिळणारे भांडवल सुलभपणे उपलब्ध होई. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या ‘तनुवा’ या सहकारी विक्री संस्थेने मोशाव व किबुत्स यांचा शेतमाल शहरांतील बाजारपेठांत पोहोचविला.

सुरुवातीस नहालालमध्ये कोरडवाहू धान्यशेतीचे प्राबल्य होते. पाणीपुरवठ्यात सुधारणा झाल्यावर दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, चाऱ्याची पिके, भाजीपाला व फळबागा यांवर आधारलेली मिश्र शेती रूढ झाली. पश्चिम इज्रेल खोऱ्याला पाणी पुरविणे हे १९३७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेकोरोत’ या जलपुरवठा संस्थेच्या पहिल्या कामांपैकी एक होते. धारण क्षेत्राचे तुकडे पडू नयेत, यासाठी ते अविभाज्य ठेवण्यात आले असून ते एकाच वारसाकडे जाते. यामुळे शेते टिकून राहिली. परंतु उरलेल्या भावंडांना अन्यत्र जावे लागले. मुलींना दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन व बागकाम यांचे शिक्षण देणारी एक कृषिशाळा हाना माइझेल यांच्या प्रयत्नाने येथे स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने यूरोपात उतरून पुढे बूडापेस्ट येथे १९४४ मध्ये मृत्युदंड भोगलेली कवयित्री हाना सेनेश ही या शाळेची विद्यार्थिनी होती.

पॅलेस्टाइनमधील सहकाराच्या इतिहासात भारताचाही एक दुवा आढळतो. भारतीय सनदी सेवेतील सहकारतज्ज्ञ सी. एफ. स्ट्रिकलंड यांनी पॅलेस्टाइनमधील अरब शेतकऱ्यांसाठी सहकारी पतसंस्था स्थापन करण्याच्या शक्यतेविषयी १९३० मध्ये ब्रिटिश प्रशासनास अहवाल सादर केला. तेथील अरब शेतकरी सावकारी कर्जाने ग्रासलेला होता. त्याची स्थिती पंजाब वा दख्खनमधील शेतकऱ्याच्या स्थितीशी बरीच मिळतीजुळती होती. ज्यू वसाहतींना मात्र सामाईक निधीतून मिळालेली जमीन व भांडवल यांचा आधार होता. एकाच खोऱ्यात शेजारी शेजारी असलेल्या गावांची आर्थिक वाटचाल भिन्न का झाली, हे समजण्यास ही वस्तुस्थिती उपयुक्त आहे.

नामकरण : १९२० नंतरच्या काळात ज्यू वसाहतींना नावे देण्याचे काम ज्यूइश नॅशनल फंडाने नेमलेल्या समितीकडे आले. ही नावे स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत. काही नावे व्यक्तींच्या स्मरणार्थ दिलेली आहेत, उदा., कफार येहेझ्केल हे नाव बगदादच्या एका ज्यू दात्यावरून, तर नहालालशेजारील कफार यहोशुआ हे हांकिन यांच्यावरून दिलेले आहे. काही नावे निसर्ग व शेती यांच्याशी निगडित आहेत, उदा., दक्षिणेकडील नेगेव्ह भागातील नेवातिम (अर्थ ‘अंकुर’) हा मोशाव. तेथे १९५४ पासून कोचीनहून आलेल्या ज्यूंनी वस्ती केली. तिसऱ्या प्रकारात बायबलमधील प्राचीन स्थलनामांचे पुनरुज्जीवन केलेले आढळते. नहालाल हे या प्रकारातील एक ठळक उदाहरण होय.

बायबलच्या जुन्या करारातील यहोशवाच्या पुस्तकात जबुलून वंशाच्या वाट्यास आलेल्या गावांत नहलालचा उल्लेख असून, पुढे ते लेवी वंशातील मरारी कुळास दिल्याचे म्हटले आहे. शास्ते या पुस्तकात त्याचे रूप नहलोल असे आहे. जबुलून वंशाने तेथील कनानी रहिवाशांना घालवून दिले नाही व ते त्यांच्यामध्येच राहिले, असे तेथे सांगितले आहे. नावाचा अर्थ बहुधा ‘गुरांना पाण्यावर नेण्याची जागा’ किंवा ‘कुरण’ असा असावा. कारण त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘हळुवारपणे नेणे, पाण्याकडे नेणे’ असा आहे.

हे प्राचीन गाव नेमके कोठे होते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहींनी ते हैफाच्या उपसागराजवळील तेल अन्-नहल या टेकाडाशी जोडले. दुसरे मत जेरुसलेम तालमूद या इ. स. चौथ्या-पाचव्या शतकांच्या सुमारास संकलित झालेल्या ग्रंथावर आधारलेले आहे. त्यात नहलाल म्हणजेच महलूल असे समीकरण दिलेले आहे. नाझरेथच्या पश्चिमेकडील मालूल या अरब गावाच्या नावात हेच महलूल टिकून राहिले, असे मानले जाते. नव्या वसाहतीला नहालाल हे नाव देताना हाच आधार उपयोगी पडला.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. ग्रंथात नोंदलेले प्राचीन नाव भूमीशी जोडता आले, ते तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या शेतकऱ्यांच्या बोलीत त्याचे रूप टिकून होते म्हणून. पॅलेस्टाइनमधील कित्येक प्राचीन स्थळांची निश्चिती एकोणिसाव्या शतकातील संशोधकांनी याच रीतीने, म्हणजे अरबी ग्रामनामांच्या आधारे केली होती. नाव परत आणणारे व नाव जपणारे हे दोन वेगळे समाज होते.

मालूल : मालूल हे मुस्लिम व ख्रिस्ती अशा मिश्र वस्तीचे गाव होते. सुरसुक कुटुंबाने जमीन विकल्यानंतर तेथील कुळांकडे आधीच्या क्षेत्राचा काही भागच राहिला. जमिनीचा कायदेशीर मालक दूरच्या शहरात व ती कसणारा गावात, अशी परिस्थिती असल्याने विक्रीच्या व्यवहारात कुळाची संमती आवश्यक नव्हती. कुळांच्या विस्थापनाचा हा प्रश्न १९२९ च्या दंगलींनंतर नेमलेल्या शॉ आयोगापुढेही आला. दोन्ही समाजांतील तणाव नहालालपर्यंतही पोहोचला. डिसेंबर १९३२ मध्ये गावातील एका घरात टाकलेल्या बाँबमुळे तेथील पिता व पुत्र मृत्युमुखी पडले. १९४८ च्या युद्धात, जुलैच्या मध्यास, मालूल इझ्राएली सैन्याच्या ताब्यात गेले. रहिवाशांना गाव सोडावे लागले आणि घरे पाडण्यात आली. त्यांपैकी अनेक जण जवळच्याच नाझरेथ व याफा या ठिकाणी स्थायिक झाले. गावाच्या जागी पुढे पाइन वृक्षांचे वन लावण्यात आले. दोन चर्च व मशीद यांच्या वास्तू तेवढ्या मागे उरल्या. १९८०–९० या दशकात मिशेल ख्लेफी या चित्रपट-दिग्दर्शकाने या गावावर अनुबोधपट तयार केला. इझ्राएलच्या स्वातंत्र्यदिनी जुने ग्रामस्थ आपल्या गावाच्या जागी सहभोजनासाठी जमतात, हे त्यात दाखविलेले आहे.

मोशे दायान (१९१५–८१) यांचे बालपण नहालालमध्ये गेले. संरक्षणमंत्री असताना १९६९ मध्ये हैफाच्या तंत्रविद्या संस्थेतील विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी नहालाल हे महलूलच्या जागी उभे राहिल्याचे सांगितले. शेजारच्या इतर ज्यू गावांची अशीच जुनी अरबी नावे त्यांनी घेतली आणि नव्या पिढीला ती ठाऊकही नाहीत, याकडे लक्ष वेधले. काटेकोरपणे पाहता, नहालालची घरे मालूलच्या घरांच्या जागेवर नसून त्यापासून सु. ४ किमी. अंतरावरील दलदलीच्या जमिनीवर बांधली गेली आणि १९२१ ते १९४८ या काळात दोन्ही गावे शेजारी शेजारी नांदत होती. तरीही दायान यांच्या विधानाचे महत्त्व कमी होत नाही; कारण ते नहालालच्या पहिल्या पिढीच्या घरात वाढलेल्या व्यक्तीने केलेले आहे.

उत्तरकालीन स्थिती : १९४८ नंतर आशिया, उत्तर आफ्रिका व यूरोप येथून आलेल्या स्थलांतरितांना वसविण्यासाठी मोशाव हा प्रकार सर्वाधिक उपयोगी पडला व अशा गावांची संख्या काही वर्षांतच शेकड्यांत गेली. अन्य देशांतही त्याविषयी उत्सुकता निर्माण झाली. भारतातील भूदान-ग्रामदान चळवळीचे नेते जयप्रकाश नारायण यांनी १९५८ मध्ये इझ्राएलला भेट दिली. जमिनीवर समाजाचे स्वामित्व आणि कसणूक मात्र कुटुंबाची, या बाबतीत ग्रामदानाची कल्पना व मोशाव यांत साम्य होते. तथापि जमीन मिळविण्याचे मार्ग मूलतः भिन्न होते.

१९८५ मधील आर्थिक स्थिरीकरणाच्या धोरणानंतर व्याजाचे दर फार वाढले आणि कर्जबाजारी मोशाव संकटात सापडले. सर्वांनी मिळून दिलेली हमी येथे उलटली : एकाच्या थकबाकीचा भार शेजाऱ्यावर पडू लागला. अनेक विभागीय खरेदी संघ कोलमडले. शेवटी कर्जाच्या पुनर्रचनेसाठी १९९२ मध्ये ‘गाल कायदा’ या नावाने ओळखला जाणारा कायदा करावा लागला. यानंतर बहुतेक मोशावांतील सामूहिक खरेदी-विक्री व परस्पर हमी संपुष्टात आली वा नाममात्र उरली. स्वतःच्या श्रमाचे तत्त्वही शिथिल झाले. १९६७ नंतर पॅलेस्टिनी मजूर व १९९० नंतर थायलंडमधून आलेले मजूर इझ्राएलच्या शेतीत मोठ्या प्रमाणावर काम करू लागले. अनेक मोशावांतील बहुसंख्य रहिवासी आता शेतीखेरीज अन्य व्यवसायांवर उपजीविका करतात. शेतजमिनीचे बिगरशेती उपयोगात रूपांतर झाल्यास त्याचा लाभ कसणाऱ्यास किती मिळावा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राष्ट्रीय मालकीच्या जमिनीचे वाटप न्याय्य असले पाहिजे, या भूमिकेवरून न्यायालयाने २००२ मध्ये धारकांना भरघोस लाभ देणारे प्रशासकीय निर्णय रद्द ठरविले.

नहालालचे वर्तुळ मात्र अभंग आहे. बाहेरील कड्यावरील घरांची संख्या व शेतांच्या पाचरी यांत मूळ वाटणी ओळखता येते. गावाच्या दफनभूमीत मोशे दायान यांच्याप्रमाणेच इझ्राएलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन (१९५४–२००३) यांचीही समाधी आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ अवकाशयानाच्या दुर्घटनेत भारतात जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासमवेत त्यांचा मृत्यू झाला होता. या गावात जन्मलेले कादंबरीकार मेइर शालेव्ह (१९४८–२०२३) यांनी इज्रेल खोऱ्यातील पहिल्या पिढीच्या शेतकऱ्यांचे ध्येयवाद आणि हट्ट आपल्या कथनसाहित्यात चितारले आहेत.

नहालालच्या शतकाहून अधिक काळाच्या इतिहासात ‘कामकऱ्यांची वस्ती’ हे प्रकारनाम कायम राहिले. परंतु त्यातील आशय बराचसा बदलला. ‘नहालाल’ हे ग्रामनाम पुन्हा रूढ झाले. परंतु ज्या गावाच्या नावाने त्याची खूण जपली, ते गाव उरले नाही. सहकारी खेड्याचा एक यशस्वी प्रयोग म्हणून नहालालचा अभ्यास करताना या दोन्ही बाबी लक्षात घ्याव्या लागतात.